दगडाला पहिले पाणी

ज्या घरातले पाळणे लागोपाठ रिकामे झाले, त्या घराने पुढच्या बाळासाठी धर्ममाता आणि धर्मपिता आपल्या मनाने निवडू नयेत. बापाने पहाटे घराबाहेर पडावे आणि वाटेत जो पहिला पुरुष व जी पहिली स्त्री भेटेल त्यांनाच विचारावे, मग तो भिकारी असो की वैरी. ज्याला विचारले त्यानेही नाही म्हणू नये. देंबिना गावात हे कोणी कोणाला शिकवत नसे. पाव पालथा ठेवू नये, हे जसे कोणी शिकवत नाही तसेच.

म्हणून शिमोनच्या घरी मुलगा झाला आणि तो फार अशक्त आहे, ही बातमी संध्याकाळी मोलकरणीने आणली, तेव्हा पुढचे सारे तेक्लाबाईंना न सांगता कळले. पहाटे आपला धाकटा मुलगा रस्त्यावर उतरणार. बाप्तिस्मा उद्याच होणार, कारण असे मूल रविवारची वाट पाहत नाही.

"बरं," एवढेच त्या म्हणाल्या आणि हातातले विणकाम पुढे चालू ठेवले. थोरला मुलगा वालेंती याच्या बायकोने सासूकडे पाहिले, आणि पाहणे बरे नव्हे असे वाटून ती चुलीकडे वळली.

शिमोनशी त्यांचे बोलणे त्याच्या लग्नापासून बंद होते. तेक्लाबाईंनी एका जमीनदार घराला शब्द दिला होता. शिमोनने तो शब्द पायदळी तुडवला आणि गाडीवानाची मुलगी रेगिना हिच्याशी लग्न करून ओढ्यापलीकडच्या टेकाडावर खोपटे बांधले. दिलेला शब्द खाली पडला की माणसाची मान खाली जाते, हे ज्या घरात त्या वाढल्या त्या घराचे शिक्षण होते. त्यांनी मान खाली घातली नाही, बोलणे टाकले. मग त्या खोपट्यात एक मूल आले आणि गेले, दुसरे आले आणि गेले. त्या दोघांपैकी एकालाही आजीचा हात लागला नाही.

इतकेच असते तर लोक विसरले असते. पण चर्चला सर्वांत जवळचे घर तेक्लाबाईंचे, आणि हिवाळ्यात बाप्तिस्म्याचे ऊन पाणी त्याच घरातून जाण्याचा रिवाज. त्या चर्चमधले कुंड एका अखंड दगडाचे आहे. आठ बाजू, कमरेइतकी उंची, प्रत्येक बाजूवर अरुंद, टोकदार कमानी एकीत एक गुंफलेल्या, आणि खाली देठाशी चार चेहरे, ज्यांची नाके पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी पुसून टाकली आहेत. कोण्या जुन्या राजाच्या काळी कोणा पाथरवटाने ते घडवले. घडवले सुंदर, पण तो दगड फेब्रुवारीत बर्फाहून थंड असतो आणि त्यात ओतलेल्या पाण्याची ऊब एका प्रार्थनेच्या आत पिऊन टाकतो. तेक्लाबाईंच्या सासूबाई म्हणत, "पहिलं पाणी दगडाचं, दुसरं बाळाचं." पहिली घागर ओतायची, हाताने ते पाणी दगडावर फिरवायचे, दगड ऊन झाला की तळाच्या भोकातून ते जमिनीत सोडायचे, आणि मग दुसरी घागर. फादर त्यात ईस्टरला मंतरलेले पाणी घालतात, आणि मग बाळाच्या कपाळावर पडते ते कोमट असते.

शिमोनच्या दोन्ही मुलांच्या वेळी तेक्लाबाई स्वतः गेल्या नव्हत्या. मोलकरणीबरोबर घागर पाठवली होती. एकच. दुसरी कोणी मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही.

"म्हातारीनं थंड पाणी पाठवलं," गाव म्हणाले. पाणी थंड नव्हते, चुलीवरून उतरवलेले होते. बाळे त्याने गेली की छातीच्या दुखण्याने, की जायचीच होती म्हणून गेली, हे सांगणारा कोणी नव्हता. तेक्लाबाईंनी खुलासा केला नाही. कुंडाला झाकण असते, गावाच्या तोंडाला नसते. पण त्या दुसऱ्या घागरीचा विचार करून करून त्या थकल्या होत्या. चालून आलेला थकवा झोपेने जातो. हा झोपेतून उठल्यावरही अंगावर असे.

आणि आता एकच गोष्ट हवी होती: हे मूल आपल्या हाताने कुंडावर धरायचे. बोलावल्याशिवाय त्या टेकाडावर जाणार नव्हत्या, आणि बोलावणार कोणी नव्हते. पण रस्ता सगळ्यांचा. रस्त्यावर कोणीही कोणाला भेटू शकते.

पहाटे त्या प्रार्थनेला निघाल्यासारख्या निघाल्या. काळी शाल, हातात जपमाळ, पायांत मेंढीच्या कातड्याचे बूट. रात्रीच्या बर्फावर कोणाचे पाऊल उमटलेले नव्हते. गुडघे बोलत होते. त्यांनी त्यांचे ऐकले नाही. पुलाजवळ संत फ्लोरियनची घुमटी आहे, तिथे त्या थांबल्या. टेकाडावरून गावात येणारा बहुधा इथूनच येतो.

उभे राहता राहता त्यांच्या लक्षात आले की आपण चेहरा बसवून पाहत आहोत. अचानक भेट झाल्यावर माणसाचा होतो तसला चेहरा. भुवया किती वर जाव्यात, तोंडातून आधी काय निघावे. सत्तरीपर्यंत त्यांनी कोणासाठी चेहरा बसवला नव्हता. आणि मग त्यामागून दुसरा विचार आला, तो थंडीसारखा आतपर्यंत गेला. वाटेत भेटणारी बाई देव पाठवतो, म्हणून तर तिच्या हाताला गुण. आपल्याला कोणी पाठवले? आपणच आपल्याला पाठवले. ज्या मुलाच्या वाट्याला एवढीच एक संधी आहे, ती आपण हौसेने खाऊन टाकणार.

ओढ्यापलीकडे बोलण्याचे आवाज आले. तेक्लाबाईंनी जपमाळ मुठीत धरली, घुमटीमागे गेल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

पावले पुलावरून आली आणि घुमटीशी थांबली.

"आई," शिमोन म्हणाला.

तेक्लाबाईंनी शाल आवळून घेतली.

"आई, ठसे तुमचे आहेत. इथवर आलेत आणि पुढे गेलेले नाहीत. उडून तर गेला नसाल."

"ठसे बघायला निघालायस की बाई शोधायला?"

"बाईच शोधायला. सापडली."

"नाही सापडली. बाई रस्त्यावर भेटावी लागते. मी रस्त्यावर नाही, मी घुमटीमागे आहे."

"बर्फात रस्ता कुठं संपतो ते काही कळत नाही, आजी," एक परका आवाज म्हणाला.

"हा कोण बोलतोय?"

"धर्मपिता," तो आवाज म्हणाला. "मघाशीच झालो. फुटकी मडकी तारेनं बांधून देतो मी, त्यांच्या फाटकासमोर झोळी नीट करत उभा होतो. हा माणूस बाहेर आला आणि टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, मडकं फुटलंय."

तेक्लाबाईंना हसू आले असते, दुसऱ्या एखाद्या सकाळी. "शिमोन," त्या म्हणाल्या, "मूल कसं आहे?"

"दूध ओढत नाही. रडतो, पण मांजरासारखा." तो थांबला. रात्रभर जागलेल्या माणसाचा आवाज होता तो, शब्दांच्या कडा झिजलेल्या. "आई, बाहेर या. मी विचारतो, तुम्ही हो म्हणा, आणि जाऊ या. मला उभं राहवत नाही."

"मी ठरवून इथं उभी राहिले, शिमोन. तू या वाटेनं येणार हे ठाऊक होतं म्हणून. ठरवून उभ्या राहिलेल्या माणसाला देवानं पाठवलेलं नसतं."

शिमोनने बुटांवरचा बर्फ झाडला. मग म्हणाला, "रेगिनानं सांगितलं, पुलाकडूनच जा. खालच्या वाटेनं जाऊ नकोस, पुलाकडूनच. पहाटे घुमटीशी कोणीतरी प्रार्थनेला येतं, म्हणाली."

या दिवसांत पहाटे घुमटीशी प्रार्थनेला एकच बाई येते, हे देंबिनात सर्वांना ठाऊक होते. तेक्लाबाईंनी डोळे मिटले. त्या मुलीला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती.

"तिनंही योजलं आणि मीही योजलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मग देवानं बोलायचं कुठं? पुढे चालू लाग."

"आई."

"सांगते तसं कर. मी तुला भेटलेले नाही. चल."

त्यांचे सांगणे शिमोनने आयुष्यात एकदाच मोडले होते. आता त्याच्यात मोडण्याची ताकद नव्हती. बर्फ करकरला. काही पावलांवरच करकर पुन्हा थांबली, आणि तेक्लाबाईंनी जो आवाज ऐकला तो ऐकताच त्यांना वाटले, देवालाही थट्टा सुचते.

"एवढ्या सकाळी दोन गडी, आणि एकाच्याही हातात फावडं नाही," बाल्बिना म्हणाली. ती गिरणीवाल्याची विधवा. तरुणपणापासून चर्चमधल्या पहिल्या बाकावरून तिचे आणि तेक्लाबाईंचे जमले नव्हते. "माझं पावाचं आंबवण मेलंय, शेजारणीकडे मागायला निघालेय. तुम्ही कुठं?"

शिमोनने टोपी काढली असावी, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. "काय रे? मूल गेलं?"

"नाही. देवाच्या नावानं विचारतो, बाल्बिनाकाकू. माझ्या मुलाला कुंडावर धराल का?"

"मी?"

"नाही म्हणता येत नाही, आजी," तारवाला म्हणाला. "मीही विचारलं होतं."

"नाही म्हणतंय कोण? देवाची नजर एवढी अधू झाली का, तेवढंच विचारतेय." मग जरा वेळाने, "धरीन. का नाही धरणार. पण तुझ्या आईला कळलं तर ती आडवी होईल, सांगून ठेवते."

तारवाला खोकला. घुमटीमागे तेक्लाबाई भिंतीचा आधार घेऊन उभ्या होत्या आणि आडव्या होण्याची इच्छा खरोखरच होती.

घरी आल्यावर त्यांनी दोन घागरी चुलीवर चढवायला सांगितल्या.

"मोलकरीण नेईल, आई," सून म्हणाली. "तुम्ही ओल्या झालात. बसा."

"मी नेणार आहे. घसरगाडीवर बांध. वर गोधडी टाक, दुहेरी."

चर्चमध्ये श्वास दिसत होता. पाचसहा बायका आल्या होत्या, त्यांना कोण सांगते कोणास ठाऊक. बाल्बिना कुंडाजवळ शालीतले गाठोडे छातीशी धरून उभी होती. तारवाल्याने गुंडाळलेली तार काढून दाराशी ठेवली होती आणि केस ओले करून चापले होते. शिमोन खांबाला टेकला होता. फादरांना दुसऱ्या गावी जायचे होते, आणि ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होते.

तेक्लाबाईंनी लाकडी झाकण बाजूला केले आणि पहिली घागर ओतली. वाफ वर आली. त्यांनी बाही कोपरापर्यंत चढवली आणि तळव्याने पाणी दगडावर फिरवू लागल्या, काठापर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा काठापर्यंत. दगड पाणी पीत होता. हाताला ते कळते.

"आता मिसळू या," फादर मंतरलेल्या पाण्याचे भांडे पुढे करत म्हणाले.

"थांबा."

"तेक्लाबाई, मला निघायचं आहे."

"निघा ना, फादर. बाप्तिस्मा करून निघा. आणि बाप्तिस्मा दगड ऊन झाल्यावर."

"मूल निळं पडेल, बाई," बाल्बिना पुटपुटली.

"शालीत आत घे त्याला. आणि दोन पावलं मागे हो, वारा दाराकडून येतोय."

बाल्बिना मागे झाली. तेक्लाबाईंनी आणखी एकदा हात फिरवला, मग तळाचे लाकडी बूच ओढले. पाणी घळघळत देठातून खाली जमिनीत गेले. बायका पाहत होत्या. त्यांनी दुसऱ्या घागरीवरची गोधडी काढली, तेव्हा साऱ्या नजरा त्यांना पाठीवर जाणवल्या. घागरी दोन लागतात, हे आता साऱ्यांनी पाहिले. मागच्या दोन वेळांना एकच आली होती, हेही ज्यांनी पाहिले होते त्यांना आठवत असणार. तेक्लाबाईंनी वळून पाहिले तर शिमोन खांबापासून सरळ झाला होता आणि त्यांच्याकडे पाहत होता. त्या नजरेत काय होते ते वाचण्याइतका वेळ त्यांनी तिथे नजर ठेवली नाही, पण ती खालीही घातली नाही. दुसरी घागर त्यांच्याने काठापर्यंत उचलेना. शिमोन आला, घागरीखाली हात घातला आणि दोघांनी मिळून ती ओतली. पाणी ओतून होताच तो परत खांबाकडे गेला.

नाव माचेय ठेवले, कारण तो संत माचेयचा दिवस होता. फादरांनी कपाळावर पाणी घातले. बाळाने डोळे उघडले, ओठ हलवले आणि पुन्हा मिटून घेतले.

"रडला नाही," एक बाई मागून म्हणाली. कुंडावर रडले नाही ते मूल टिकत नाही, असे म्हणतात.

"ऊन पाण्यात कोण रडतं?" तेक्लाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी कुंडाचा काठ धरला होता.

सगळे बाहेर पडले. कुंड रिकामे करून, कोरडे पुसूनच निघायचे असते, नाहीतर राहिलेले पाणी गोठून दगडाला चीर पाडते. त्या पुसत राहिल्या, शेवटपर्यंत, कमानीमधल्या खाचासुद्धा. मग झाकण ठेवले. घराकडे डावीकडे वळायचे होते. त्यांनी उजवीकडे पाहिले. टेकाडाच्या चढावर तिघे दिसत होते: पुढे शिमोन आणि तारवाला बर्फ तुडवून वाट करत होते, आणि बऱ्याच मागे बाल्बिना थांबली होती, कमरेत वाकलेली.

धर्ममातेने कुंडापासून आईपर्यंत बाळ खाली ठेवायचे नसते की दुसऱ्याच्या हाती द्यायचे नसते. तेक्लाबाई चढ चढू लागल्या. किती वेळ लागला ते त्यांना कळले नाही. गुडघ्यांनी आता बोलणेही सोडले होते.

"कशाला आलीस?" बाल्बिना धापा टाकत म्हणाली. "मी नेईन."

"नेशील. दिसतंय."

"हात गेले माझे. पण देणार नाही. द्यायचं नसतं."

"देऊ नकोस. तू वरून धर. मी खालून हात घालते."

बाल्बिनाने विचार केला. "मी सोडलं नाही म्हणजे दिलं नाही."

"नाही दिलं."

"कोणी विचारलं तर मी एकटीनं नेलं."

"एकटीनंच नेलंस. चल."

तेक्लाबाईंनी गाठोड्याखाली दोन्ही हात घातले. वजन नव्हतेच जवळजवळ. पावाचा एक तुकडा फडक्यात बांधावा तेवढे. पण शालीतून ऊब येत होती आणि त्या उबेत काहीतरी हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. दोघी समोरासमोर, आडव्या पावलांनी खेकड्यासारख्या चढू लागल्या.

"आता मी त्या पोरीची कुमा झाले, तिच्या पोराची धर्ममाता," मध्येच बाल्बिना म्हणाली. "कुमाशी भांडणं पाप आहे. तुझ्याशी मात्र भांडता येईल."

"श्वास जपून वापर."

खोपट्याचे दार शिमोनने ठोठावले होते. ते उघडले तेव्हा रेगिना चौकटीला धरून उभी होती, चेहरा मेणासारखा, केस सुटलेले. धर्ममातेने बोलायचे शब्द बाल्बिनाने सुरू केले, "परका नेला होता, ख्रिस्ताचा करून आणलाय," आणि तेवढ्यात तिचा श्वास संपला. रेगिनाने बाळाकडे पाहिले, मग बाळाखालच्या हातांकडे. ते पाण्याने लाल झाले होते आणि बाहीचा काठ गोठून कडक झाला होता.

"रडला?" तिने विचारले.

"नाही," तेक्लाबाई म्हणाल्या. "पाणी ऊन होतं. दोन घागरी नेल्या." आणि थोडे थांबून, कारण हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी त्यांनीच सांगायला हवे होते, "आधीच्या वेळी एक होती."

रेगिनाने मान हलवली. माहीत असलेली गोष्ट ऐकल्यावर हलवतात तशी. दाराच्या लाकडावर तिची बोटे पांढरी झाली होती. आत चुलीवर काहीतरी उतू जात होते आणि ते काढायला कोणी गेले नाही.

"आत या," ती म्हणाली. "ऊब बाहेर जातेय."

दार अरुंद होते. बाळ न सोडता दोघींना आत शिरायचे, तर एकीला पाठ करून जावे लागणार होते. बाल्बिना जागची हलेना. तिचे हात तिचे राहिले नव्हते. तेक्लाबाईंनी पाठ घराकडे केली आणि मागच्या मागे पाऊल टाकले, मागे काय आहे ते न दिसता. कोपराला कोणीतरी धरले.

"खाली पायरी आहे, आई," रेगिना म्हणाली. "हळू."